दुरूनच दर्शन

संत ह्रिप्सिमेच्या चर्चच्या दाराशी मी सवयीने बूट-मोजे काढले, भिंतीशी नीट लावून ठेवले, पदर डोक्यावर घेतला आणि आत पाऊल टाकले. मेणबत्त्या विकणाऱ्या बाई लगबगीने पुढे आल्या आणि माझ्या पायांकडे बोट दाखवून भराभर काही सांगू लागल्या. मला वाटले, चुकलेच काहीतरी. भाची हसू दाबत म्हणाली, "आत्या, बूट घाल म्हणतात त्या. दगड गार आहे, पाय धरतील म्हणे." मी बूट घातले. पदराकडे बघून मात्र बाईंनी समाधानाने मान डोलावली. त्यांच्याकडेही बायका देवापुढे डोके झाकून जातात. म्हणजे वरून पास, खालून नापास, अशी माझ्या आर्मेनियातल्या यात्रेची सुरुवात झाली.

या सदरात प्रवासवर्णन लिहायचे नाही, असे मी ठरवले होते. विमान किती वाजता सुटले आणि हॉटेलात नाश्त्याला काय होते, हे वाचून वाचकांना काय मिळणार? पण ऑक्टोबर २०२४ मधले ते आठ दिवस मनातून जात नाहीत, आणि त्यातली एक गोष्ट आमच्या घरातली आहे. ती सांगायची तर आधी थोडे तिकडचे सांगावे लागेल.

माझी भाची येरेवानला डॉक्टरकी शिकते. आपल्याकडची बरीच मुले शिकायला तिकडे जातात, हे आता नवे राहिलेले नाही. भावाला रजा नव्हती, म्हणून लेकीला बघून यायला मी निघाले, दुबईत विमान बदलून. सामानात चिवडा, मेतकूट आणि कुंद्याचे चार डबे. "काय बघायचंय तुला?" असे तिने फोनवरच विचारले होते. मी म्हटले, "देवळं." ती म्हणाली, "मग तू बरोबर देशात येते आहेस."

खरेच आहे ते. राज्याचा धर्म म्हणून ख्रिस्ती धर्म सर्वांत आधी स्वीकारला तो आर्मेनियाने. परंपरेने सांगतात ते साल इ. स. ३०१. देश आपल्या दोन-तीन जिल्ह्यांएवढा, पण ज्या डोंगराकडे बघावे तिथे टोकदार शिखराचे एक दगडी चर्च उभे. यात्रेकरूला त्यांच्या भाषेत 'उख्तावोर' म्हणतात. 'उख्त' म्हणजे शब्द दिलेला, नवस बोललेला. नवसाला बांधलेला माणूस तो यात्रेकरू. हे भाचीने पहिल्याच संध्याकाळी सांगितले आणि मी मनात म्हटले, आपण तर काहीच बोललेलो नाही. मग आपण कोण? पर्यटकच की!

ह्रिप्सिमेचे चर्च ६१८ सालचे. जवळच एच्मियाद्झिनचे मुख्य चर्च आहे, आर्मेनियन धर्मपीठाचे मूळ स्थान. दुरुस्तीसाठी ते बरीच वर्षे बंद होते आणि आम्ही जाण्याच्या थोडेच दिवस आधी, सप्टेंबरअखेर, पुन्हा उघडले होते. गर्दी म्हणाल तर आपल्या एकादशीची. मला तिथे नीट काही दिसले नाही आणि त्याचे वाईटही वाटले नाही. गर्दीत एक म्हातारे गृहस्थ मात्र लक्षात राहिले. वेदीपुढे उभे राहून झाल्यावर ते पाठमोरे झाले नाहीत. तसेच मागे मागे चालत दारापर्यंत गेले, दारात एकदा वाकले आणि मगच वळले. आमचे आजोबा विठ्ठलाच्या गाभाऱ्यातून असेच निघत. हे त्यांना कोणी शिकवले आणि आजोबांना कोणी, कोण जाणे.

गेघार्डला मात्र मी दोनदा गेले. येरेवानच्या पूर्वेला एका दरीच्या तोंडाशी हा मठ आहे. गेघार्ड म्हणजे भाला. क्रुसावरच्या येशूच्या कुशीत जो भाला खुपसला, तोच इथे होता अशी श्रद्धा. आता तो एच्मियाद्झिनच्या संग्रहालयात असतो, पण नाव इथेच राहिले. त्याआधीचे नाव 'आयरीवांक', म्हणजे गुहेतला मठ. मुख्य चर्च १२१५ साली बांधलेले आहे, पण खरी नवलाई त्याच्या मागच्या डोंगरात. तिथे बांधलेले काही नाही. चर्च, सभामंडप, खांब, कमानी, सगळे अखंड खडकातून कोरून काढलेले. वेरूळ पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही की पाथरवट वरून खाली कोरत आले. ज्या भोकातून कोरायला सुरुवात केली, त्याच भोकातून आज उजेड येतो.

पहिल्या गुहेत झरा आहे. खडकातून पाणी येते आणि फरशीतल्या पन्हाळीतून वाहत जाते. लोक ओंजळीने डोळ्यांना लावतात, बाटल्या भरून घेतात. मीही बाटली भरली. तीर्थ म्हणून घेतली की आठवण म्हणून, हे त्या वेळी स्वतःला विचारले नाही.

आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. छतातल्या त्या दगडी कमळाखाली उभे राहून मान अवघडेपर्यंत वर बघितले नाही, असा बेळगावकर विरळा. गेघार्डचे चर्च तिच्यानंतर अवघ्या अकरा वर्षांनी झाले. म्हणजे इथे कोणी पाथरवट काळा दगड आरशासारखा घोटत होता, तेव्हा तिकडे दुसरा कोणी डोंगर पोखरायच्या तयारीत होता. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नाही. मला या गोष्टीचा उगाचच आनंद झाला, आणि मी तो भाचीला दोन-तीनदा बोलून दाखवला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आत्या, कळलं."

मठाच्या भिंतींवर आणि आवारात जिकडेतिकडे खाचकार. आपल्याला खाच म्हणजे दगडात पाडलेली खोबण. त्यांच्या भाषेत 'खाच' म्हणजे क्रूस आणि 'कार' म्हणजे दगड. उभ्या शिळेवर क्रूस, आणि त्याभोवती लेस विणावी तशी नक्षी. त्या क्रुसावर येशूचा देह बहुधा नसतो. उलट क्रुसाच्या बुंध्यातून पाने फुटलेली असतात, झाडासारखी. कोणी मेल्यावर, कोणी लढाई जिंकल्यावर, कोणी पूल बांधून पुरा झाल्यावर अशी शिळा उभी करी. आपल्या वीरगळांची आठवण येते, पण वीरगळात गोष्ट असते. इथे गोष्ट नाही, नुसती नक्षी.

वरच्या मजल्यावर, खडकातच, एक मंडप आहे. १२८८ सालचा. प्रोश घराण्यातल्या जोडप्याची समाधी तिथे आहे. आम्ही गेलो तेव्हा पाच बायका उभ्या राहून गात होत्या. शब्द कळण्याचा प्रश्नच नव्हता. पण एक बाई थांबली तरी तिचा सूर खांबांमधून फिरत राहायचा आणि दुसरी त्यात आपला सूर मिसळायची. गाणे संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला तिथे हात जोडावेसे वाटले आणि मी जोडले. भाचीने इकडेतिकडे बघितले, पण काही म्हणाली नाही.

दुसऱ्यांदा गेलो तो रविवार होता, आणि त्या दिवशी माझी पंचाईत झाली. मठाबाहेर एका कुटुंबाने 'मताघ' केले होते. मताघ म्हणजे नवसाचा बळी. मुलगा २०२० च्या लढाईतून धडधाकट परत आला, त्याचे हे दर वर्षीचे देणे. मेंढा आणतात, त्याआधी धर्मगुरूकडून मीठ आशीर्वादून घेतात, ते मीठ मेंढ्याला चाटवतात. नंतर मांस फक्त मिठात शिजवायचे आणि वाटून टाकायचे, निदान सात घरी. घरी साठवायचे नाही. घरच्या बाईंनी मला पातळ पोळीत, लवाशमध्ये, गुंडाळून घास पुढे केला.

मी माळकरी. आईने माळ घातली तेव्हा माझ्याही गळ्यात घातली होती. मी हात जोडले, माळ दाखवली. भाचीने काय सांगितले कोण जाणे, पण बाईंना राग आला नाही. त्यांनी घास दुसऱ्याला दिला आणि मला कोरडी लवाश, त्यावर चिमूटभर तेच मीठ घालून दिली. ती मी खाल्ली. माळकऱ्याने ती खावी की नाही, यावर आमच्या भजनी मंडळात मतभेद होतील. होऊ देत. आणि नाक मुरडण्याआधी आपल्या भागातल्या गावोगावच्या लक्ष्मीच्या यात्रा आठवाव्यात. तिथे काय शिजते आणि पाहुण्यांना काय वाढतात, ते मी लिहायची गरज नाही.

नोरावांक, तातेव, सेवान हे सगळेही बघितले, पण त्याबद्दल थोडक्यात. नोरावांकच्या लाल कड्यांमध्ये एक दुमजली चर्च आहे, १३३९ सालचे. त्याच्या वरच्या मजल्याला भिंतीतून बाहेर काढलेल्या वीतभर पायऱ्यांनी चढतात. कठडा नाही. माझ्या गुडघ्यांनी साफ नकार दिला. तातेवला पावणेसहा किलोमीटर लांबीचा रोपवे २०१० साली झाला. खाली दरी, समोर नवव्या शतकातला मठ. डोळे मिटून गेले असते तर चांगले झाले असते. सेवान सरोवरातला मठ पूर्वी बेटावर होता. सोव्हिएत काळात सरोवराचे पाणी इतके उपसले की बेट जमिनीला येऊन चिकटले. आता चालत जाता येते.

आता खोर विराप. शेवटच्या दिवशी सकाळी गेलो. खोर म्हणजे खोल, विराप म्हणजे खड्डा, पुन्हा एक ओळखीचा वाटणारा शब्द. राजा त्रदात याच्या बापाचा खून ज्याने केला, त्याचा मुलगा ग्रेगरी. तो ख्रिस्ती झालेला. अनाहित देवीला माळ वाहायला त्याने नकार दिला आणि तो कोणाचा मुलगा हेही उघड झाले, तेव्हा राजाने त्याला या खड्ड्यात टाकले. तेरा वर्षे. कथा सांगते की एक विधवा रोज वरून एक भाकरी टाकायची. पुढे राजाला वेड लागले, त्याच्या बहिणीला स्वप्न पडले की खड्ड्यातला माणूसच तुला बरे करील. ग्रेगरी जिवंत निघाला, राजा बरा झाला आणि सगळा देश ख्रिस्ती झाला.

राजा-संताची कथा ठीक आहे. मला त्या विधवेचे नवल वाटत राहिले. तेरा वर्षे रोज एक भाकरी, आणि खाली कोणी जिवंत आहे की नाही ते दिसतही नसणार.

खड्डा सुमारे सहा मीटर खोल आहे. उभ्या लोखंडी शिडीने उतरतात. नोरावांकला माघार घेतली होती, इथे घ्यायची नाही असे ठरवून मी पदर खोचला आणि उतरले. भाची खालून माझे पाऊल धरून एकेका पायरीवर ठेवत होती. तळाशी गोल खोली, दगड काळवंडलेले, हवा कोंदट. दोन मेणबत्त्या लावल्या. पाच मिनिटांच्या वर थांबवले नाही. तेरा वर्षे म्हणजे काय, ते वर आल्यावर वाऱ्यात उभे राहून कळले.

आणि वर आले की समोर अरारात. नोहाची नौका जिथे टेकली म्हणतात तो डोंगर. ५१३७ मीटर उंच, डोक्यावर बर्फ, शेजारी धाकटे शिखर. आर्मेनियन लोकांचा हा कैलासच. राजचिन्हावर तो, दारूच्या बाटलीवर तो, दुकानाच्या पाटीवर तो. आणि तो त्यांच्या देशात नाही. १९२१ च्या तहांनी तो तुर्कस्तानात गेला. मठाच्या टेकडीखाली द्राक्षमळे, मग कुंपण, मग अराक्स नदी आणि पलीकडे डोंगर. सरहद्द १९९३ मध्ये बंद झाली, ती आम्ही गेलो तेव्हाही बंदच होती. नकाशावरच्या एका रेघेने माणसाचे आपले ठिकाण परके होते, हे आपल्या वाचकांना मी काय समजावून सांगणार? लोक ओट्यावर उभे राहून बघतात, फोटो काढतात, काही जण नुसते बघतात. पंढरपुरात गर्दीमुळे आत जाता आले नाही तर आपण कळस बघून हात जोडतो. मला ते तसे दिसले.

सगळ्यांची तोंडे अराराताकडे. एक म्हातारी बाई मात्र त्याच्याकडे पाठ करून, मठाच्या दुसऱ्या बाजूच्या भिंतीशी उभी होती. काळा रुमाल डोक्याला, हातात विझलेली मेणबत्ती. तिच्यासमोर भिंत, भिंतीपलीकडे वैराण टेकाड. मी भाचीला विचारले, "त्या आजी तिकडं काय बघतायत?"

भाचीला आता बरीच भाषा येते. ती जाऊन बोलली. बाई काराबाखच्या बाजूच्या, कल्बाजार भागातल्या. तिथे दादिवांक नावाचा मठ आहे. त्याचे मुख्य चर्च १२१४ साली अर्झू-खातून नावाच्या राणीने बांधले, नवरा आणि दोन मुलगे गेल्यावर, त्यांच्या नावाने. ही राणी आणि तिच्या मुली मठांसाठी पडदे विणायच्या, असेही जुन्या बखरकाराने लिहून ठेवले आहे. २०२० च्या लढाईनंतर तो भाग अझरबैजानकडे गेला. ताबा द्यायची तारीख २५ नोव्हेंबर होती. त्याआधीच्या दिवसांत लोक दादिवांकला निरोप घ्यायला लोटले, घाईघाईने मुलांचे बाप्तिस्मे उरकले, मठातल्या घंटा आणि काही खाचकार उतरवून नेले. या बाईही गेल्या होत्या. मग पुढची तीन वर्षे स्तेपानाकेर्तला मुलाकडे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये काराबाखातून एक लाखाहून अधिक माणसे बाहेर पडली तेव्हा तेही घर सुटले. आता अराराताच्या खोऱ्यातच एका गावात राहतात.

"दादिवांक इथून पूर्वेला आहे म्हणतात," भाची म्हणाली. "म्हणून त्या तिकडं तोंड करून उभ्या राहतात."

"पण तिकडं टेकाड आहे. काही दिसत नाही तिकडं."

हे वाक्य मी बोलले आणि माझे मलाच ऐकू आले.

आमची आई वारकरी. कार्तिकीची वारी तिने कधी चुकवली नाही. शेवटची दोन वर्षे अंथरुणाला खिळली. मधल्या खोलीत तिची खाट होती, न्हाणीघराकडे जायच्या वाटेला लागून. कार्तिक लागला की तिचे सुरू व्हायचे, "माझी खाट तेवढी फिरवा गं. पंढरपुराकडं तोंड करून निजते." बेळगावहून पंढरपूर ईशान्येला. त्या बाजूला खिडकी, आणि खिडकीतून शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. मी म्हणायचे, "आई, तिकडं टाकी दिसते नुसती. काय बघणार आहेस?" ती म्हणायची, "दिसायला कशाला पाहिजे?" खाट फिरवली असती तर न्हाणीघराची वाट अडली असती, रात्री-अपरात्री बादली घेऊन जाणार कुठून, असे माझे हिशेब. ते खोटे नव्हते. मी खाट फिरवली नाही. २०२२ मध्ये, कार्तिकीला आठ दिवस असताना, ती गेली. तोंड भिंतीकडे होते.

हे मी आजवर भावालाही बोलले नव्हते. तो हे सदर वाचतो.

पिशवीत कुंद्याचा शेवटचा डबा होता, मठाच्या धर्मगुरूंना द्यावा म्हणून आणलेला. तो मी त्या बाईंना दिला. भाचीने सांगितले की दुधाचा आहे, आमच्या गावचा आहे. बाईंनी डबा छातीशी धरला, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "त्सावत् तानेम." हे तिकडे जो तो म्हणतो, भाजीवालीसुद्धा. अर्थ विचारला तर, 'तुझे दुखणे मला लागो'. आपल्याकडच्या आज्या लेकरांची अलाबला घेतात आणि कानशिलावर बोटे मोडतात, तेच.

त्यांच्याशेजारी मी भिंतीशी उभी राहिले. किती वेळ, ते घड्याळात बघितले नाही. मग त्यांनी भाचीला काहीतरी विचारले.

"आत्या, त्या विचारतायत, तुमचं गाव कुठल्या बाजूला?"

भाचीने मोबाइलमधले होकायंत्र उघडले, फोन गोल फिरवला आणि आग्नेयेकडे हात केला. बाईंनी मला खांद्याला धरून त्या दिशेला थोडे वळवले.

"आणि पंढरपूर?" मी विचारले.

भाची जरा वेळ फोनमध्ये बघत राहिली. "तेही तिकडंच," ती म्हणाली. "इथून दोन्ही एकाच दिशेला येतात, आत्या."

खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी त्याला हाताने थांब म्हटले.